लाइन क्रमांक दोन

अर्जाचं पहिलं पान, रकाना सहावा : संपर्कासाठी फोन नंबर. दहा आकडे, पेन दाबून लिहिलेले.

गच्चीतल्या दोरीवर वाळलेले कपडे. तीन दिवस कोणी काढले नाहीत.

पाण्याची बाटली. सकाळी भरून नेलेली, संध्याकाळी भरलेलीच परत आलेली.

दुरुस्तीच्या वहीतली एक ओळ. खाली सही नाही.

"अकरा वेळा लावला, साहेब," शिंपी म्हणाला. "अकराही वेळा एंगेज. आमची ही जमिनीवर पडलेली, आणि मी आपला नंबर दाबतोय."

तक्रार निवारण अधिकारी लिहीत राहिले. लोक त्यांना तक्रारसाहेब म्हणत. दारावरच्या पाटीत नावाआधी 'स्वतंत्र' असा शब्द होता. म्हणजे वरच्यांचंही ऐकायचं नाही आणि रडणाऱ्याचंही नाही. जे खरं निघेल ते लिहायचं. बावीस वर्षांत त्यांनी निकालात एक खोटं वाक्य लिहिलं नव्हतं. बायको म्हणायची, "निकाल राहू द्या, घरी तरी कधी भाजीला बरं म्हणा."

शिंप्याच्या शेजारी त्याचा तिशीतला मुलगा खाली मान घालून बसला होता. शिंप्याकडे मोबाइल नव्हता, घराला लागून असलेल्या दुकानातला जुना फोन तेवढा. अर्ज मुलानेच भरून दिला होता, संपर्काला स्वतःचा मोबाइल नंबर घालून.

"हा कुठे होता तेव्हा?"

"वर गच्चीत. कपडे आणायला गेला होता. किती हाका मारल्या, चार मजले वर कुठल्या ऐकू जायला? खाली आला तोवर सगळं आटोपलं होतं. मोकळ्या हातांनीच आला बिचारा. नोकरी सुटल्यापासून तसाही अबोल झालाय. आता तर विचारूच नका."

समोर मदत केंद्राची ऑपरेटर बसली होती. रुग्णवाहिका हवी असो की आणखी कसली मदत, अख्ख्या शहराचा फोन तिच्याकडे यायचा. तिचा लेखी जबाब साहेबांच्या हातात होता : 'लाइन दोन आठ दिवस बंद होती. लाइन एकवर मी एकोणीस मिनिटं कामाच्या कॉलवर होते. तो मध्येच सोडण्यासारखा नव्हता. याहून जास्त सांगता येणार नाही.'

साहेब तो मोठ्याने वाचणार, तेवढ्यात मुलाने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"तुमच्याकडे लाइनी किती आहेत?"

बाटलीचं झाकण फिरवणारा ऑपरेटरचा हात थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दोन," ती म्हणाली. "दोन्ही चालू होत्या. एकीवर रास्त कॉल होता. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दुसरीवर मी मैत्रिणीशी बोलत बसले होते. चूक माझी आहे."

"घ्या," शिंपी म्हणाला. "माझ्या घरातलं माणूस जातंय, आणि हिच्या गप्पा रंगल्यात."

मुलाने केव्हाचा धरलेला श्वास सोडला आणि खुर्चीला पाठ टेकली.

"बाई, लेखी तुम्ही वेगळं दिलंय."

"ते मागे घेते."

"नोकरी जाईल."

"माहीत आहे, साहेब."

कबुली मिळाली म्हणून फाइल मिटवणाऱ्यांतले साहेब नव्हते. त्यांनी केंद्रातून दुरुस्तीची वही मागवली. 'लाइन क्र. २ बंद,' आणि तारीख घटनेच्या आठ दिवस आधीची. म्हणजे बाई खोटं बोलली होती, तेही स्वतःच्याच गळ्याला फास लागेल असं. त्या वेळी लाइन एकवर कोणाचा कॉल होता, ते विचारणारं पत्र त्यांनी फोन कंपनीला पाठवलं. पाचव्या दिवशी बंद लिफाफा आला.

त्यांनी तो उघडला, वाचला. मग फाइल उलटी चाळत सुरुवातीपर्यंत गेले. कारकुनाला म्हणाले, "दार ओढून घ्या जरा."

संध्याकाळी निकाल टाइप झाला : 'दोन्ही लाइनी चालू होत्या. तक्रार सिद्ध. ऑपरेटर दोषी.'

कारकुनाने तो दोनदा वाचला. "साहेब, वही तर उलटं सांगते."

"वही माझ्या कपाटात ठेवा."

"वरून फोन आला का?"

"नाही."

"बरं," कारकून म्हणाला. बावीस वर्षांत त्याने इतकं थंड 'बरं' म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केंद्राला वेगळं पत्र लिहायला सांगितलं, लाइन दोन तातडीने तपासून घ्यावी. "चालू लाइन कशाला तपासायची म्हणतो मी," कारकून टाइप करता करता भिंतीला म्हणाला.

ऑपरेटरची नोकरी गेली. निकालाची प्रत घ्यायला ती आली तेव्हा साहेब उठून उभे राहिले. ती एवढंच म्हणाली, "त्यांना कळवलंत ना, दोन्ही चालू होत्या म्हणून?"

"कळवलं."

महिन्याभराने शिंपी आला. "गेलेलं माणूस काही परत येत नाही, साहेब. पण कोणाची चूक ते तरी कळलं. हा आता दोन घास खातो. काल दुकानात बसून बटणं लावत होता."

"लावू दे," साहेब म्हणाले. "एकटा सोडू नका त्याला."

त्या संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "भाजी छान झालीय." बायको त्यांच्याकडे बघत राहिली. भाजीत मीठच नव्हतं.

लिफाफा त्यांच्या खणात आहे. आत एकच नंबर, एकोणीस मिनिटं. अर्जाच्या पहिल्या पानावर, सहाव्या रकान्यात, तोच नंबर आहे.

त्या दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ऑपरेटर लाइन एकवर म्हणाली होती, "आधी कठड्यावरून मागे या. घरी कोण आहे?" आणि पलीकडून उत्तर आलं होतं, "आई आहे. झोपलीय. तिला कळू देऊ नका."