सुतकाचा गुलाल

बाहेर ढोल वाजत होता. शेजारच्या धुरपताबाईने दुसऱ्यांदा दार ठोठावलं, तेव्हा बिबियानाने खिडकीची एकच फळी उघडली.

"काऊन वो, दार कायले लावून राहिली? आज धुळवड हाय! अन् मटन बी परत धाडलं तुनं."

"आज आमचा गुड फ्रायडे आहे, बाई. रंग नाही, मटण नाही."

"म्हंजे काय असते?"

बिबियानाच्या पोटात सकाळपासून चहाचा घोटही नव्हता. सगळं समजावून सांगायचं तिच्यात त्राण नव्हतं. "आजच्या दिवशी आमच्या प्रभूला मारलं. आमच्या घरी सुतकच समजा," ती म्हणाली आणि फळी लावून घेतली. एका वाक्यात काम भागलं म्हणून ती स्वतःवर खूश झाली.

गोंदियाजवळच्या मुर्रीत राहायला येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस, म्हणजे तिच्या माहेरच्या भाषेत चालीसा, बिबियाना कडक पाळायची आणि घरादाराला पाळायला लावायची. तिने साखर सोडली की कुणाच्याच चहात साखर पडत नसे. यंदा तिने नवऱ्याचा सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला होता. बिसराम गोंदिया स्टेशनात पॉइंट्समन. सव्वा महिन्यापासून तो बिचारा बडीशेप चघळत गाड्यांना रूळ बदलून देत होता, आणि एकही गाडी अजून भलतीकडे गेली नाही, हे बिबियाना आपल्या प्रार्थनेचं फळ समजत होती.

या तपश्चर्येला मानही मिळाला होता. गुड फ्रायडेला दुपारी तीनच्या प्रार्थनेत लोक ओळीने येऊन क्रूसावरच्या येशूच्या पायांचं चुंबन घेतात. प्रत्येकानंतर ते पाय पांढऱ्या कापडाने पुसायचे असतात. इतकी वर्षं हे काम एक सिस्टर करायच्या. यंदा फादरनी ते बिबियानाला सांगितलं. तिने कापड पुन्हा पुन्हा धुतलं, नीळ दिली, कडक इस्त्री केली. सगळ्या चर्चसमोर ती क्रूसाजवळ उभी राहणार होती, आणि नेमकी त्याच दिवशी धुळवड! २००२ सालचं कॅलेंडर छापण्याआधी कुणी देवाला दाखवलं नव्हतं की काय, कोण जाणे. पण बिबियाना काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. दुपारपर्यंत कडी काढायची नाही आणि मग पडदे लावलेल्या ऑटोतून थेट चर्चच्या दारात उतरायचं, असा तिचा बेत होता.

ऑटो यायच्या थोडं आधी पुन्हा दार वाजलं. या वेळी ढोल नव्हता, आरडाओरडा नव्हता. ऑटोवालाच असेल म्हणून तिने कडी काढली.

धुरपताबाई आणि तिच्यामागे गल्लीतल्या साऱ्या बाया. सगळ्यांच्या डोक्यावर पदर. कुणाच्याही अंगावर रंगाचा ठिपका नाही. त्या गुपचूप आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. एकीने तर हुंदकाच दिला. धुरपताबाईच्या हातात ताट होतं आणि ताटात गुलाल.

"आमच्यात असं हाय, माय," धुरपताबाई म्हणाली. तिचे डोळे खरंच भरले होते. "ज्याच्या घरी दुःख, त्याच्या घरी पयला रंग. त्याले लावाव, मंग गल्लीनं खेळाव. तुनं सांगतलं म्हून बरं झालं. नाही तं पाप लागलं असतं ना आमाले!"

"अवो, पण मला तीन वाजता..."

"रडू नको."

बिबियाना रडत नव्हती. पण धुरपताबाईचा गुलालाचा हात पुढे आला, आणि तो झटकून टाकायला तिचा हात उचलला नाही. गुड फ्रायडेला प्रभूसाठी डोळे पुसत आजवर कुणी तिच्या घरी आलं नव्हतं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी. प्रत्येक बाईने लावला. मागून बिसरामने आपला गाल पुढे केला.

"सुतक फिटलं म्हणायचं," तो बडीशेप बाजूला सारत म्हणाला. "मग आता खर्रा..."

बिबियानाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बडीशेप चघळायला लागला.

बाया गेल्यावर तिने तोंड धुतलं, तर पाण्याने गुलाल आणखीच खुलला. साबण झाला, बेसन झालं, शेवटी रॉकेल झालं. आरशात गाल पिकल्या टोमॅटोसारखे दिसत होते. नाकापर्यंत पदर ओढून ती ऑटोत बसली.

चर्चमध्ये पाऊल ठेवताच नाकात रॉकेलचा वास शिरला. तो एकट्या तिचा नव्हता. कुणाची मान जांभळी, कुणाचे केस गुलाबी. रस्त्याने कुणालाच सोडलं नव्हतं. फादरचे दोन्ही कान हिरवे होते. फादरनी तिचे गाल पाहिले, तिने फादरचे कान पाहिले, आणि दोघांनीही माना खाली घातल्या.

लोक रांगेने येत गेले. बिबियाना पुसत गेली. इस्त्रीचं कापड हिरवं झालं, मग जांभळं, मग त्याचा रंग सांगता येईना. अगदी शेवटी तिची पाळी आली. जपून ठेवलेला एक पांढरा कोपरा बोटांत धरून ती गुडघ्यावर बसली. तिने डोळे मिटले आणि ओठ टेकले. लाजेने म्हणा, भुकेने म्हणा, तिचा तोल गेला आणि गालही टेकला.

ती उठली, तेव्हा येशूच्या पायावर धुरपताबाईचा गुलाल लागला होता.

तिने कापड उचललं. मग घडी करून खाली ठेवलं.

"पुसा ना," फादर हळूच म्हणाले.

"राहू द्या, फादर," बिबियाना म्हणाली. "दुःखाच्या घरी पहिला रंग जातो."