बेचाळीस किलो

कोकिळा घाटंजीकडच्या खेड्यातून दर महिन्याला सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला यायची. कमरेवर हात ठेवून सावकाश काट्यावर चढायची.

"बेचाळीस. मागच्या महिन्याएवढंच," सिस्टर निशिगंधा लिहून घ्यायच्या. "खोकला? ताप?"

"काहीच नाही, शिस्टर."

वजन घटलं की टीबीची तपासणी करावी लागते. तपासणी सरकारी, म्हणजे फुकट. फक्त थुंकी, एक्स-रे आणि रिपोर्टपायी तीन दिवसांची कापूस वेचणी बुडते. कोकिळाचं वजन चार महिने बेचाळीसच भरलं.

पाचव्या महिन्यात तिची बहीण आली, उरलेल्या गोळ्या परत करायला.

"खोकलता खोकलता रक्त पडे. मोठ्या दवाखान्यात नेलं, तं टीबी निघाला. आठ दिवसांत गेली." तिनं पिशवीतून चार दगड काढून टेबलावर ठेवले. "तुमच्याकडं येताना नेसे ती साडी खुटीवरून काढली, तं ओटीत हे बांधून होते. कापसाच्या गाठोड्यात टाकतो ना आमी, वजन भराले, तसेच."

निशिगंधांनी दगड काट्यावर ठेवले. पाच किलो भरले.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांसाठी बायांची रांग लागली, तेव्हा त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आजपासून काट्यावर चढायच्या आधी प्रत्येकीनं ओटी मोकळी करून दाखवायची."



रांगेतल्या सात जणी एकदम म्हणाल्या, "शिस्टर, जरा बाहेर जाऊन येतो."