जोडव्याचा आकडा

कडाव गावच्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवायचा म्हणजे आधी फार्महाऊसवाल्यांची घाण वेचायची. बाटल्यांची बुचं, गुटख्याच्या पुड्या, चिप्सची चंदेरी पाकिटं. प्रत्येकावर मशीन किंचाळतं आणि डोकं उठतं.

शेताची मालकीण भागूबाई, तिचं चांदीचं जोडवं परवा भाताची लावणी करताना चिखलात गेलं होतं. तीस वर्षांत ते कधी बोटातून निघालं नव्हतं. मी त्यांच्या दुसऱ्या पायातल्या जोडव्यावर मशीन धरलं. प्रत्येक धातूला मशीन पडद्यावर वेगळा आकडा दाखवतं; इथे आकडा आला ब्याऐंशी. त्याच्या खालचे सगळे आकडे बंद करून टाकले. आता कचरा वाजणार नव्हता.

पहिल्याच फेरीत ब्याऐंशी वाजला. चिखलात हात घातला तर बुळबुळीत जोडवं निघालं. त्यात एक पिवळं नख अडकलं होतं.

"शी!" मी ते बांधावर फेकलं.

"जोडवं माजंच हाय, नक्षी वळखते मी," भागूबाई म्हणाल्या. "पर नख माजं नाय रं. माजी जाग्यावर हायत."

हातभर अंतरावर पुन्हा ब्याऐंशी. तीच नक्षी, तसंच नख, आणि नखाच्या मुळाशी ओलं मांस. मग तिसरं. चौथं. सातव्याचा कुजका वास आला आणि मी बांधावर भडाभडा ओकलो.

"मावशी, बास झालं. वर या."

भागूबाई हलल्या नाहीत. चिखलात घोट्यापर्यंत रुतून त्या खाली बघत होत्या.

"दुसऱ्या पायातलं बी काढतंय रं कुनीतरी," त्या हळूच म्हणाल्या. "नखासकट."