डाव्या पानावर, पेन्सिलनं

धुण्याच्या मशीननं काम संपल्याची धून वाजवली आणि दुपारची शांतता मोडली. रक्षा धावत गेली, मशीन बंद केलं. तोवर आतल्या खोलीतून हाक आलीच.

"मम्मी!"

नंदिनी अजून तासभर झोपायला हवी होती. त्या एका तासावर रक्षाची सगळी मदार होती. प्रॅक्टिकलच्या फाइलची अकरा पानं हातानं लिहायची राहिली होती. चार वाजता ती जमा करायची, आणि सिंदी मेघेतल्या घरून कॉलेज अर्ध्या तासावर.

"ये, इथे बस. गडबड नाही करायची हं."

पाच वर्षांची लेक येऊन तिला चिकटली. गरम, झोपाळलेली, गालावर उशीचे वळ. रक्षानं डाव्या हातानं तिला धरलं आणि उजव्या हातानं कोडची पुढची ओळ लिहिली. कंस उघडा. कंस बंद. महिरपी कंस उघडा. पान संपत आलं तेव्हा लक्षात आलं, वरच्या ओळीत एक शब्द सुटला. कॉम्प्युटरवर असता तर क्षणाचं काम. इथे मधे घुसडलेलं चालत नव्हतं, व्हाइटनर चालत नव्हतं. पान पुन्हा पहिल्यापासून.

तिनं पान टर्रकन फाडलं आणि कॉलेजच्या हेमराज सरांना फोन लावला.

"सर, माझं ॲप चालून राह्यलं नं. विहारातल्या वाचनालयाचं. काल माझ्या सासूबाईंनी त्याच्यावरून पुस्तक घेतलं. लिंक पाठवली तुम्हाला. कोडची प्रिंटपण आहे."

"पाहिलं मॅडम, मस्त केलं तुम्ही. पण बाहेरून येणारे परीक्षक लिंक नाही उघडत. फाइल उघडतात. कोड उजव्या पानावर, पेननं. आउटपुट डाव्या पानावर, पेन्सिलनं."

"आउटपुट म्हणजे... स्क्रीन?"

"हो, स्क्रीन. चौकोन काढून द्या. अन् चारपर्यंत माझी सही झाली नाही, तं उद्या प्रॅक्टिकलले बसता येत नाही. मंग मले बोलू नका."

फोन ठेवला गेला. "दोन वर्षं!" रक्षा त्या बंद फोनलाच म्हणाली. "दोन वर्षं एमसीए केलं, ते चौकोन काढायला!"

"काऊन वं ओरडून राह्यली?" पदराला हात पुसत कमलाबाई, तिच्या सासूबाई, बाहेर आल्या.

रक्षानं सांगितलं. त्यांना आधी खरंच वाटेना.

"कॉम्प्युटर शिकाले गेली, अन् हातानंच लिहून राह्यली? मंग तुमच्यात अन् आमच्यात फरक काय झाला वं?" त्यांनी चष्मा लावला आणि समोर फतकल मारली. "आण इकडे पट्टी. तीस वर्षं अंगणवाडीचे रजिस्टर आखले मी. चौकोन मी काढतो, तू लिही."

रक्षाला हसू येईना, रडूही येईना. तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि नवं पान घेतलं.

कमलाबाई स्क्रीनकडे पाहत, पट्टी दाबून धरत रेघा ओढू लागल्या. वर नावाची पट्टी. मधे पुस्तकांची यादी. खाली बटण. त्यात त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘पुस्तक घ्या’.

"याचे कोने गोल करू का?"

"करा."

"अन् रंग? हिरवा दिसते इथं."

"पेन्सिलच पाहिजे, आई."

नंदिनी आता पुरती जागी झाली होती. आजीच्या हाताखालून तिनं बोट घातलं आणि कागदावरचं बटण दाबलं. थांबली. बोट फ्रॉकला पुसलं. पुन्हा दाबलं, जोरात. बोटाचं टोक काळं झालं.

"मम्मी, हे काऊन नाई उघडून राह्यलं?"

"कागदाचं आहे नं ते, बाळा."

नंदिनीनं फाइलकडे पाहिलं, मग आईकडे.

"सरनं दाबलं तं उघडीन?"