पलंगाची जागा

"पलंग नेमका कुठे येणार, ते आधी सांगा," मिस्त्री म्हणाले. "त्याखाली तार टाकता येत नाही. ऊब कोंडते आणि तार जळते. एकदा ठरलं की पलंग जन्मभर तिथंच."

घरमालकीण दारात उभी होती. "खिडकीजवळ?"

"म्हाताऱ्या माणसाला खिडकीचा वारा कशाला? आतल्या भिंतीला लावा."

ही खोली तिच्या सासऱ्यांसाठी तयार होत होती. थंडीत त्यांचे गुडघे आखडतात, असे तिच्या कानावर आले होते. जमिनीखाली विजेची तार अंथरून पायांना ऊब द्यावी, हा तिने योजलेला उपाय होता.

मिस्त्रींचे काम चोख होते. पहिल्या दिवशी दारावरच्या स्क्रूच्या चार भोकांकडे पाहून त्यांनी "नावाची पाटी?" एवढेच विचारले होते. "रंगासाठी काढलीय," असे ती म्हणाली होती. त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही. जुनी फरशी उखडली, कोब्याला चिकटलेला मसाला तासून काढला. ओल आहे की काय हे पाहण्यासाठी प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून अख्खा दिवस ठेवला. त्याखाली थेंबही धरला नाही, तेव्हाच त्यांनी भेगा बुजवायला घेतल्या.

आज चौथा दिवस होता. गुडघ्यांखाली गोणपाट घेऊन ते जमिनीची पातळी पाहत पाणसळ पुढे सरकवीत होते.

"इथं दोन सूत खड्डा आहे. भरायला हवा. खाली खोट राहिली, की वर कितीही भारी फरशी घाला, ती बोलतेच."

"माणसांचंही तसंच असतं का हो?"

"माणसांचं मला कळत नाही. मला सिमेंट कळतं."

ती हसली आणि चहाचा कप तिने त्यांच्या हाताशी ठेवला. खड्डा भरून झाल्यावर त्यांनी कप उचलला.

"सासरे यायला तयार आहेत ना?"

"अजून विचारलंच नाही."

"म्हणजे बाजारात तुरी."

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. सात वर्षं बापलेकांत शब्द नाही. आमच्या लग्नालाही आले नाहीत. मी तर त्यांना पाहिलंही नव्हतं. नवऱ्याने बजावलंय. ही शेवटची खटपट. ते आले नाहीत, तर पुन्हा या घरात त्यांचं नाव काढायचं नाही."

"चूक कोणाची?"

"दोघांची. एकाच माळेचे मणी."

"म्हातारा हट्टी दिसतो."

"फार."

"आणि सून?"

"तीही काही कमी नाही."

मिस्त्रींनी कप बाजूला सारला. खडू घेऊन त्यांनी आतल्या भिंतीलगत एक लांबट चौकट आखली. पण तिने दिलेल्या मापापेक्षा ती वीतभर लांब होती.

"पलंग एवढा लांब नाहीये," ती म्हणाली.

"दुसरा करून घ्या. आखडून झोपण्याचं वय नव्हे ते."

खोलीत ओल्या सिमेंटचा वास होता. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. जे विचारण्यासाठी तिने चार दिवस धीर गोळा केला होता, ते अखेरीस तिने विचारले.

"मिस्त्री, तुम्ही त्यांच्या जागी असता, तर आला असता?"

मिस्त्री भिंतीचा आधार घेऊन सावकाश उभे राहिले. हात फडक्याला पुसले. बोटांच्या पेरांतील सिमेंट निघेपर्यंत पुसले.

"चार दिवस रोज येतोच आहे की, सूनबाई. पोराला सांग, सकाळी मी आलो की मागच्या दाराने पळू नकोस. उद्या तार अंथरायची आहे, दुसरं टोक धरायला घरचा माणूस लागतो."