फुकटचा रस

ओवा फुलला आणि शेजारच्या साधनाच्या पेटीतल्या मधमाश्या लीलाबाईच्या वाफ्यांवर घोंगावू लागल्या. लीलाबाई दोन शेतांमधल्या धुऱ्यावरूनच कडाडली, "माह्या ओव्यातला रस तुह्या माशा फुकट पिऊन राह्यल्या. मंग दान्यात काय राहीन, भुसा?"

"पिऊ द्या न काकू. तुरीचं फूल सरलं. उपाशी मरतीन त्या."

"मरू दे."

रानडुकरांना अडवायला ठेवलेल्या जुन्या साड्या लीलाबाईने काढल्या, काठ्या रोवल्या आणि साड्या दोऱ्यांनी बांधून सगळे वाफे झाकून टाकले.

काही आठवड्यांनी ती हातात विळा घेऊन तरातरा आली. साधना पेटीसमोर आडवी उभी राहिली. लीलाबाईने मूठ उघडली. ओव्याचे वाळके झुबके चोळले होते, तळव्यावर नुसता फोल होता.

"दाना कुठी गेला? काय केलं तुह्या माशाईनं?"

साधनाने वाफ्यांकडे बोट दाखवलं. "काकू, साड्या लावल्यापासून माशा आत गेल्याच नाहीत. फक्त त्या कोपऱ्यात साडी फाटली हाये, तिथून शिरतात. तिथला झुबका चोळून पाहा."

लीलाबाईने तिथला झुबका चोळला. तळवा दाण्यांनी भरला. मग तिने विळा उचलला. साधनाने पेटीला घट्ट मिठी मारली.

लीलाबाई साड्यांच्या दोऱ्या एकेक करून कापत सुटली.

"पाहत काय राह्यली? बोलाव तुह्या माशाईले. पाठून येनारा फुलोरा अजून बाकी हाये."