मोकळा दिवस

व्हर्ना स्टुकेलचा बेकारी भत्ता एकोणीस आठवडे अडकला होता, आणि घरमालकाने आता शुक्रवारपर्यंतचीच मुदत दिली होती. म्हणून मंगळवारी पहाटे उठून, तीन तास गाडी हाकत ती राज्याच्या विधानभवनात पोचली. आमदारांच्या समितीपुढे प्रत्येक बेकाराला दोन मिनिटं बोलायची मुभा होती. तिचा नंबर साडेचारला लागला.

त्या दोन मिनिटांत ती अशी काही बोलली, की आमदारांनी हातातले फोन खाली ठेवले. अध्यक्षांनी तर डोळे पुसले आणि मजूर खात्याच्या अधिकाऱ्याला फर्मावलं, "बाईंचं काम आत्ता, माझ्यासमोर करून द्या."

अधिकाऱ्याने लॅपटॉप उघडला. "झालंच समजा. दर आठवड्याला विचारायचा प्रश्न तेवढा राहिलाय; जो रोज कामाला मोकळा, त्यालाच भत्ता. या आठवड्यात रोज काम करायला मोकळ्या होतात?"

"रोज! कुणी हाक मारायचा अवकाश."

"आजसुद्धा?"

"आज इथंच बसलेय की, सकाळी आठपासून. तुमच्या नावानं खडे फोडत."

सगळे हसले. अधिकारीही हसला, आणि हसता हसताच त्याने 'नाही'वर टिचकी मारली. "म्हणजे आज कामाला मोकळ्या नव्हतात. अर्ज परत चौकशीत गेला."

व्हर्नाने अध्यक्षांकडे पाहिलं. "अहो साहेब..."

"घाबरू नका, बाई," अध्यक्ष मायेने म्हणाले. "याविरुद्ध दाद मागता येते. पुढच्या मंगळवारी या. मात्र सबंध दिवस मोकळा ठेवा."